एका चार्टची चार मिनिटं पन्नास सेकंद

रविवारी सकाळी टिळकवाडीतल्या माझ्या घरी दोन-तीन मुलं केस इंटरव्ह्यूच्या सरावाला येतात. मी मुंबईत कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना धंद्याचा सल्ला देण्याच्या कामात, काही वर्षं काढली, उमेदवारांच्या मुलाखतीही घेतल्या, आणि मग बेळगावला परत आले. इथल्या मुलांना या कामाची वाट सहसा सापडत नाही. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या बहुतेक भरती आयआयएम आणि काही आयआयटींच्या कॅम्पसवरून करतात. सीमाभागातल्या मुलाला बाहेरून अर्ज करावा लागतो, कुणाची तरी शिफारस मिळवावी लागते. एवढं करून मुलाखत मिळाली आणि ती एका चार्टवर अडकली, की मला फार वाईट वाटतं. म्हणून ही एक केस मी सविस्तर लिहून ठेवते आहे. जिची केस आहे तिची परवानगी घेतली आहे, नाव घेत नाही.

मुलगी अनगोळची. वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, फेटलिंगला आहेत: ओतून निघालेला माल साफ करायचं काम. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी, मग व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाच्या एका कॉलेजातून मेकॅनिकल. दोन वर्षं बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी डेटाचं काम करते, तेही बहुतेक वेळ घरूनच. कॉलेजातल्या एका सीनियरने शिफारस केली आणि सहा आठवड्यांनंतरची पहिली फेरी मिळाली. माझ्याकडे आली तेव्हा तिचं गणित पक्कं होतं, मांडणी बरी होती. अडचण तिने स्वतःच सांगितली: “चार्ट आला की माझी केस तिथंच संपते, ताई.”

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केस म्हणजे एखाद्या धंद्याची अडचण समोर ठेवतात आणि साधारण पंचवीस-तीस मिनिटांत ती सोडवत न्यायची असते. मॅकिन्झीसारख्या कन्सल्टिंग कंपनीत मुलाखत घेणारा एकेक प्रश्न विचारत पुढे नेतो; बीसीजी, बेन इथे बहुतेक वेळा उमेदवारानेच गाडी हाकायची असते. दोन्हीकडे मधे एक-दोन, कधी तीन चार्ट पुढे सरकवतात. चार्टला वेगळं घड्याळ कुणी लावत नाही, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. चार्टवर गेलेला जास्तीचा वेळ चार्टपाशी दिसत नाही. शेवटी “मग मालकाला काय सांगशील?” असं विचारतात तेव्हा हातात एक मिनिट उरलेलं असतं, आणि तो वेळ कुठे गेला ते उमेदवाराला कळतही नाही.

पहिला रविवार

तिच्यासाठी मी उद्यमबागेतलीच केस रचली. एक फाउंड्री, विक्री तीन वर्षं वाढते आहे, नफा मात्र घसरतो आहे, का ते शोधा. आकडे सगळे माझ्या मनाचे, सरावापुरते.

चार्ट असा होता. तीन वर्षांचे तीन उभे खांब, प्रत्येक खांबात तीन रंग: ट्रॅक्टरचा माल, पंप-व्हॉल्व्हचा माल आणि मोटारगाड्यांचा माल. महिन्याला सरासरी किती टन ओतलं, ते डाव्या अक्षावर. पहिल्या वर्षी ४००, ३०० आणि १००, मिळून ८००. दुसऱ्या वर्षी ४००, २९०, २१०, म्हणजे ९००. तिसऱ्या वर्षी ३९०, २८०, ३३०, म्हणजे १०००. वरून एक रेघ: रिजेक्शनची, म्हणजे बाद मालाची, टक्केवारी, ४, ६, ८, तिचा अक्ष उजवीकडे. आणि खाली बारीक अक्षरात तळटीप: रिजेक्शनमध्ये मशीनिंगनंतर ग्राहकाकडून परत आलेला माल धरला आहे.

फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. नंतर दोघी ते ऐकत बसलो आणि सेकंदांचा हिशेब कागदावर मांडला. कागद हातात घेऊन सरळ करण्यात १२ सेकंद. मग शीर्षक, अक्ष, रंगांचे अर्थ हे सगळं मोठ्याने वाचून दाखवण्यात ५३ सेकंद. मग नऊच्या नऊ आकडे आणि प्रत्येकाची टक्केवारीतली वाढ-घट: ९५ सेकंद. त्यात ४०० वरून ३९० म्हणजे अडीच टक्के घट, हेही तिने थांबून काढलं. पुढे रिजेक्शनची रेघ डाव्या अक्षावर मोजली, गोंधळली, सावरली: ४५ सेकंद. मग “एकूण टनेज वाढतंय आणि रिजेक्शनही वाढतंय” हे एकच वाक्य तीन वेगवेगळ्या इंग्रजीत: ५५ सेकंद. शेवटी ३० सेकंद ती माझ्याकडे बघत राहिली. एकूण चार मिनिटं पन्नास सेकंद.

त्या केसमध्ये आणखी एक चार्ट होता, तोही तेवढाच वेळ खाऊन गेला. सुरुवातीचे प्रश्न दोन मिनिटं, मांडणी चार, गणित सहा. पंचवीसमधली तीन मिनिटं शिफारशीला उरली, आणि त्यातली निम्मी कागद चाळण्यात गेली.

“सगळं तर वाचलो की ताई. काय राहिलं?”

एक तळटीप सोडली तर काहीच राहिलं नव्हतं, हे खरं होतं. ती जिथून शिकली होती तिथे सांगितलं होतं: शीर्षक बघा, अक्ष बघा, एकक बघा, रंगांचे अर्थ बघा, आणि मनात चाललेलं बोलत राहा. यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. पण “बघा” आणि “बोलत राहा” ही दोन वाक्यं एकत्र आली की मुलं बघितलेलं सगळं बोलतात. मुलाखत घेणाऱ्यासमोर तोच कागद असतो, बहुतेक वेळा त्याने त्या दिवशी चौथ्यांदा पाहिलेला. अक्षांची नावं त्याला वाचून दाखवायची गरज नसते. अक्ष डोळ्यांनी बघायचे; तोंड उघडायचं ते त्यातून काय निघालं ते सांगायला. मनात चाललेलं बोलत राहण्याचा सल्ला मांडणीच्या वेळी उपयोगी पडतो. चार्टच्या वेळी तो घातक आहे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

दुसरा रविवार, आणि माझी चूक

मी स्टॉपवॉच लावलं. नव्वद सेकंदांना बेल.

तो रविवार वाया गेला. चार्ट नवा होता, रुपयांचे आकडे मिलियनमध्ये. बेलच्या धास्तीने तिने एककाकडे बघितलंच नाही आणि ४५० मिलियनचे साडेचार कोटी करून मोकळी झाली. खरे ४५ कोटी. दहापट फरक, आणि त्यावर पुढचं सगळं गणित. चूक दाखवल्यावर तिचा चेहरा उतरला, आणि मला कळलं की मी तिला फक्त घाई दिली होती. वेळ कुठून कापायचा हे न सांगता वेळ कापायला लावली, तर माणूस नेमकं जपायचं तेच कापतो. एकक बघायला दोन सेकंद लागतात. तीच तिने वाचवली, आणि नऊ आकडे वाचायला दीड मिनिट लागतं ते तसंच राहिलं.

मिलियन-कोटीचा उपाय साधा होता, तो इथेच सांगून टाकते. दहा लाख म्हणजे एक मिलियन, दहा मिलियन म्हणजे एक कोटी, एवढं सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो मधेच भाषांतर केल्यामुळे. चार्ट मिलियनमध्ये असेल तर शेवटपर्यंत मिलियनमध्येच बोलायचं. कोटी करायचेच असतील तर अगदी शेवटी, एकदाच. कागदाच्या कोपऱ्यात एकक लिहून त्याला गोल करायचा. ही चूक तिने पुन्हा केली नाही.

कागद उलटा

तिसऱ्या रविवारी घड्याळ आत ठेवलं. चार्टचा कागद टेबलावर पालथा ठेवला आणि म्हटलं, “उलटायच्या आधी सांग, यात तुला काय शोधायचंय?”

ती थांबली. “मला कसं ठाऊक असणार त्यात काय आहे ते?”

“त्यात काय आहे ते नको सांगू. तुला काय हवंय ते सांग.”

सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर, खानापूरची बस पकडायची असते तेव्हा आपण फलाटावरचे सगळे बोर्ड वाचत नाही. कन्नड सफाईने वाचता न येणारी आमची आजीसुद्धा गर्दीत नेमकी बस हुडकायची, कारण तिची नजर एकाच शब्दाच्या आकारावर असायची. बाकीचे बोर्ड तिच्यासाठी नव्हतेच. सीमाभागात वाढलेल्या माणसाला अशी नजर असते. घरात एक भाषा, दाखल्यावर दुसरी, पुस्तकात तिसरी. हवं तेवढं उचलायचं आणि पुढे जायचं, ही सवय आपल्याला लहानपणीच लागते. मुलाखतीच्या खोलीत शिरलं की ती कुठे जाते ते मला अजून नीट कळलेलं नाही. बहुधा परीक्षेची भीती आड येते: पेपरात दिलेली प्रत्येक गोष्ट वापरलीच पाहिजे, नाहीतर मार्क जातील.

तिने पालथ्या कागदाकडे बघत सांगितलं: “विक्री वाढून नफा घटलाय. म्हणजे एकतर स्वस्तात विकायलेत, नाहीतर खर्च वाढलाय. खर्च वाढला असला तर कुठल्या मालात वाढला, ते बघायचंय.”

मग कागद उलटला. चार्ट दुसऱ्या धंद्याचा होता, पण याच जातीचा. अडीच मिनिटांत झाला, आणि मी घड्याळाचा शब्दही काढला नव्हता.

दुसरा बदल शांततेचा. पहिल्या रविवारी ती एक सेकंद गप्प बसली नव्हती. गप्प बसलो तर काही येत नाही असं वाटेल, ही भीती. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली आहे, म्हणून खात्रीने सांगते: “मला अर्धा मिनिट द्या” असं म्हणून घेतलेला अर्धा मिनिट कुणालाही खुपत नाही. न सांगता आलेले दहा सेकंद मात्र लांबलचक वाटतात. त्या अर्ध्या मिनिटात कागदाच्या माथ्यावर एक ओळ लिहायची, जे सापडलं ते. तिने विचारलं, मराठीत लिहिलं तर चालेल काय. तिला कुणीतरी इंग्रजीतच विचार करायला बजावलं होतं. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. बोलायचं इंग्रजीतच आहे, ते टळत नाही. पण सुचण्याच्या क्षणीही इंग्रजी शोधत बसलं तर दोन कामं एकाच वेळी होतात आणि दोन्ही रखडतात. ओळ मराठीत लिहावी, सहा-सात शब्दांची, आणि तिच्याकडे बघत इंग्रजीत बोलावं. एकाच वाक्याची तीन इंग्रजी रूपं बोलण्यात गेलेले ५५ सेकंद या एका ओळीने वाचवले.

वडिलांचा प्रश्न

आता जे सांगते ते माझ्या शिकवण्यातलं नाही.

चौथ्या आठवड्यात तिने पहिला चार्ट, तोच फाउंड्रीचा, घरी नेला आणि जेवताना वडिलांना दाखवला. ते दहावी झालेले, कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतकामात, वीसेक वर्षं काढलेले. इंग्रजी शब्द तिने वाचून दाखवले. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला: “हे रिजेक्शन कुठलं म्हणायचं? फेटलिंगात काढलेलं, का पार्टीकडनं परत आलेलं?”

तळटीप. पाच मिनिटांत तिने जिच्याकडे बघितलंही नव्हतं, ती त्यांनी न वाचता विचारली. कारण त्यांच्या दृष्टीने ती दोन वेगळी नुकसानं आहेत. कारखान्यातच बाद झालेलं कास्टिंग पुन्हा भट्टीत जातं. धातू परत मिळतो, वीज, वाळू आणि मजुरी जाते. पार्टीकडून परत आलेल्या मालावर मशीनिंगही झालेलं असतं, जाण्या-येण्याचं भाडं पडलेलं असतं, वर पार्टी नाराज. टनाला टन सारखा, पण दोन्हींचा खर्च एक नाही.

हे सांगताना तिला दुसरीच एक गोष्ट आठवली. संध्याकाळी घरी आल्यावर आईने “कसं काय आज?” विचारलं की बाबा म्हणतात: “रिजेक्शन वाढलंय. नव्या पार्टीचं कास्टिंग जमंना झालंय. उद्या कोअर बदलून बघायलेत.” तीन वाक्यं: काय झालं, कशामुळे, पुढे काय. किती टन ओतलं, कुठल्या पार्टीचं किती, हे ते आधी सांगत नाहीत. विचारलं तरच सांगतात.

माझ्याकडे याच क्रमासाठी इंग्रजी नावं होती, आकृत्या होत्या. त्या मी बाजूला ठेवल्या. त्यानंतर तिला एवढंच म्हणत गेले, “बाबा घरी आलेत असं समज.”

पाचव्या रविवारी तोच चार्ट पुन्हा दिला, मुद्दाम. ओळखीचा चार्ट देऊन वेळ मोजण्यात अर्थ नाही हे मला कळतं; मला बघायचं होतं, तिचं उत्तर किती खोल जातं. तीस सेकंद मागून घेतले, आणि मग जे बोलली ते मराठीत असं होतं:

“सगळी वाढ मोटारगाड्यांच्या मालातून आलीय, जुना माल उलट तीस टनांनी घटलाय. त्याच काळात बाद होणारा माल महिन्याला ३२ टनांवरून ८० टनांवर गेलाय, अडीचपट. जुन्या मालाचं रिजेक्शन चार टक्क्यांवरच राहिलं असं धरलं, तर ६७० टनांचे साधारण २७ टन. उरलेले ५३ टन नव्या मालातले, म्हणजे ३३० मध्ये सोळा टक्के. सहा टनांत जवळजवळ एक टन बाद. हे धरून चालणं आहे. खात्रीसाठी मला गटवार रिजेक्शन हवंय, आणि त्यातला किती माल ग्राहकाकडून परत आला तेही.”

एक मिनिट पस्तीस सेकंद, शांततेचा अर्धा मिनिट धरून. आकडे तिने दहाएक वापरले असतील, पण त्यातले बहुतेक चार्टवर नव्हतेच. तिने ते बनवले होते. ५३ भागिले ३३० तिने केलंच नाही. ३३० चा सहावा हिस्सा ५५, बस्स. पहिल्या वेळी अडीच टक्के घट काढायला थांबलेली हीच मुलगी.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. सोळा टक्क्यांपर्यंत ती पोचली यात वडिलांच्या कामाचा मोठा वाटा आहे. औषधांच्या किंवा विमानकंपनीच्या चार्टवर तिला असा आधार मिळाला नसता. म्हणून शेवटचे दोन आठवडे आम्ही मुद्दाम परके धंदे घेतले. वेळ पुन्हा सव्वादोन मिनिटांवर गेली, मग हळूहळू एक मिनिट पन्नासपर्यंत आली. त्याखाली आणायचा प्रयत्न मी केला नाही. दोन मिनिटांच्या आत नीट बोललेला चार्ट कुठल्याही केसला पुरतो. त्यापुढची ओढाताण मला व्यर्थ वाटते.

मुलाखती

पहिली फेरी व्हिडिओवर झाली, अनगोळच्या घरातून, इन्व्हर्टर तपासून. पडद्यावर चार्ट एकदम उघडतो, पालथा ठेवता येत नाही. त्यावर तिने स्वतः तोड काढली: समोरचा “आता एक चार्ट दाखवतो” म्हणाला की तो उघडेपर्यंतच्या पाच-सात सेकंदांत स्वतःच्या वहीत प्रश्न लिहायचा. दोन चार्ट आले. एक वॉटरफॉल, म्हणजे सुरुवातीच्या नफ्यापासून शेवटच्या नफ्यापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारा. दुसरा साध्या खांबांचा. दोन्हींना दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला, असा तिचा अंदाज. शिफारशीला पाच मिनिटं मिळाली. ती फेरी निघाली.

दुसऱ्या फेरीत मारिमेको आला. हा चार्ट आम्ही सरावात एकदाच घेतला होता, वरवर, आणि ती कसर माझ्या तयारीतली. फिनलंडमधल्या, १९५१ साली सुरू झालेल्या कापडाच्या कंपनीचं नाव या चार्टला मिळालं, कारण तो तिच्या ठळक ठोकळ्यांच्या नक्षीसारखा दिसतो. नेहमीच्या खांबात फक्त उंची वाचायची असते. यात रुंदीलाही अर्थ असतो. रुंदी म्हणजे तो बाजार केवढा, उंची म्हणजे त्यात कुणाचा वाटा किती, आणि ठोकळ्याचं क्षेत्रफळ म्हणजे खरी विक्री. तिने उंचीच वाचली. छोट्या बाजारातला मोठा वाटा तिला मोठी विक्री वाटला. समोरच्याने “रुंदीकडे बघा” म्हटल्यावर सगळं पुन्हा जुळवावं लागलं. तीन-साडेतीन मिनिटं गेली असावीत, आणि शिफारस घाईत उरकली.

नकार आला. फोनवर कारणही सांगितलं: विचार चांगला आहे, निष्कर्षापर्यंत पोचायला वेळ कमी पडला. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, “ताई, रविवारी येऊ काय?”

आता दुसऱ्या एका कंपनीची पहिली फेरी आहे. गेले तीन रविवार आम्ही फक्त मारिमेको आणि बबल, म्हणजे लहान-मोठ्या गोळ्यांचे चार्ट, घेतो आहोत. मारिमेकोसाठी तिने एक सवय लावून घेतली आहे: आकडा वाचायच्या आधी सगळ्यात रुंद खांबावर पेन्सिलने टिंब ठेवायचं. गेल्या रविवारची नोंद वहीत आहे: दोन मिनिटं पाच सेकंद, त्यातले पस्तीस अजून रुंदीवर जातात.